आरोपी मयत

सावरबंदर, थळजवळ
९ जुलै २०२३

प्रिय जागे,

अक्षर ओळखलंस का? पत्ता तुझ्या आईकडून घेतला. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. माझा फोन आता दीर हितेशकडे असतो. घरात एक फोन पुरे, असं सासूबाई म्हणाल्या. तू उत्तर पाठवशील ते आमच्या अंगणवाडीच्या क्रांतीताईंच्या पत्त्यावर पाठव. त्या माझ्याच हातात देतील.

प्रणय फेब्रुवारीत गेला, ते तुला कळलंच असेल. पेपरात आलं होतं, बर्फाच्या कारखान्यात वायुगळती, दोन ठार. एक प्रणय. दुसरा सदा, आमच्या वाडीतल्या गोदूकाकीचा एकुलता एक मुलगा. तो कारखान्यातला नव्हता, होडीसाठी बर्फ न्यायला आला होता.

पेपरात पुढचंही आलं. मशीन चालवणारा, म्हणजे प्रणय, नशेत होता आणि त्यानं चुकून वाल्व उघडला. कारखान्याचे मालक गणराजशेठ पोलिसांना तसं सांगून आले, आणि आत काम करणाऱ्या अनंतानं त्याखाली सही केली. गुन्हा प्रणयवरच लागला. मेलेल्या माणसावर गुन्हा लागतो, हे मला तेव्हा कळलं. मग पोलीस म्हणाले, आरोपी मयत, केस बंद.

जागे, मशीनची वायूची पाइप गेल्या पावसाळ्यापासून गळत होती. प्रणय लाल डोळे घेऊन घरी यायचा. शेठला सांगून सांगून थकला. शेठचं एकच, सीझन संपू दे, मग बदलू. त्या पहाटे पाइप फुटली तेव्हा प्रणय बाहेर होता. तोंडाला ओला पंचा बांधून तो वाल्व बंद करायला आत गेला. त्यानं बंद केला म्हणून वाडी वाचली, नाहीतर सगळा वायू खालच्या घरांत शिरला असता. हे मला अनंतानंच रडत रडत सांगितलं. दहाव्याला पुन्हा विचारलं तर म्हणाला, "वहिनी, मी काय बघितलं नाय."

गोदूकाकी रोज मासळी घेऊन आमच्या दारावरून जाते आणि उंबऱ्यासमोर थुंकते. सासूबाई त्यावर पाणी ओततात. हितेशला शेठनं बर्फाच्या टेम्पोवर ड्रायव्हर ठेवलंय, त्यामुळे घरात हा विषय निघत नाही.

प्रणय दारूला शिवत नव्हता.

आपल्या मिठागरवाल्यांच्या आळीतून तू पहिली वकील झालीस. मला एवढंच हवंय, कोणीतरी कोर्टात उभं राहून म्हणावं की त्यानं वाल्व उघडला नव्हता, बंद केला होता.

तुझी,
कल्पिता


अलिबाग
२१ जुलै २०२३

प्रिय कल्पे,

पत्र ऑफिसातच वाचलं आणि दार लावून बसले. मी यायला हवं होतं. आईनं सांगितलं तेव्हा फोन लावला होता, हितेशनं उचलला, ती झोपलीय म्हणाला. पुन्हा लावला नाही.

आता कामाचं. मी सध्या 'सहवाट न्याय केंद्रा'त आहे. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्या केसेस आम्ही फुकट लढतो. केंद्र हर्षद सरांनी सुरू केलं. सर मुंबईत हायकोर्टात मोठे वकील आहेत, पण शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून पहिल्या रो-रो बोटीनं मांडव्याला उतरतात आणि दिवसभर आमच्या इथे बसतात. मागच्या शनिवारी एका आदिवासी बाईचं राहतं घर पाडण्याची नोटीस त्यांनी बसल्या जागी थांबवली. ती बाई पाया पडायला लागली तर सर म्हणाले, "आजी, हा तुमचा हक्क आहे, माझा उपकार नाही."

फुकट म्हणजे हलकं, असं समजू नकोस. मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच होकार दिला. प्रणय कामावर असताना गेला, म्हणजे मालकाची जबाबदारी आहे आणि शेठला कोर्टात यावंच लागेल.

तू फक्त ये. सासूबाईंना काय सांगायचं ते सांग, पण ये.

तुझी,
जागृती


सावरबंदर
५ डिसेंबर २०२३

प्रिय जागे,

तारखेच्या दिवशी तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. तू सरांच्या मागे फायली घेऊन पळत होतीस. म्हणून लिहिते.

घरात आता सगळं उघड झालंय. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. हितेश म्हणाला, "वहिनी, शेठनं मला काढलं तर चूल कोन पेटवनार?" मी म्हटलं, तुझा भाऊ होता. तो म्हणाला, "व्हता." आणि बाहेर गेला.

सर भले आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, स्वतः पंखा माझ्याकडे वळवला. पण मी पाइपचं सांगायला लागले की हात वर करून थांबवतात. तू तिथेच होतीस. मी म्हटलं, "सर, त्यानं वाल्व बंद केला." ते म्हणाले, "ते आपल्याला सिद्ध करायची गरजच नाही." मी म्हटलं, "मला आहे." ते हसले. चांगलं हसले, टिंगल नाही केली. पण पुढच्या कागदाकडे वळले.

अर्जाची प्रत मी क्रांतीताईंकडून दोनदा समजावून घेतली. त्यात त्याचं वय आहे, पगार आहे, माझं वय आहे. पाइप गळत होती हे कुठेच नाही. तो पंचा बांधून आत गेला, हेही नाही. शेठच्या वकिलानं उत्तरात मात्र पुन्हा लिहिलंय, मयत इसम दारूच्या अमलाखाली होता. त्याला आपण काय उत्तर दिलं?

परवा बाजारात गोदूकाकीनं सगळ्यांसमोर विचारलं, "कोर्टान गेलीस ना? मंग तिकरं सांगितलंस का, तुजे नवऱ्यानं माजा पोर कसा मारला त्या?" मी टोपली तशीच ठेवून घरी आले.

अनंताला साक्षीला बोलवाल का? आता तो माझ्याकडे बघत नाही. पण कोर्टात देवाची शपथ घ्यावी लागते ना?

तुझी,
कल्पिता


अलिबाग
१८ डिसेंबर २०२३

प्रिय कल्पे,

तुझा राग कळला. पण कायदा समजून घे.

कामावर असताना कामगार मेला, तर तो प्यायला होता की नव्हता हे कोर्ट बघतच नाही. जखमी झाला असता तर बघितलं असतं. मृत्यू झाला की मालकानं भरपाई द्यायचीच. म्हणून शेठचा वकील दारूदारू करतो ते वाया आहे, आणि सर त्याला उत्तर देत नाहीत ते मुद्दाम. उत्तर दिलं की वाद वाढतो, साक्षी लागतात, अनंता उलटतो, आणि वर्षं जातात. सर म्हणतात, जिंकलेली केस पुन्हा लढायची नसते.

आणि अनंताचं म्हणशील तर, शपथ घेऊन खोटं बोलणारी माणसं मी रोज बघते. तो शेठच्या पगारावर आहे. आपण बोलावलं तर तो प्रणय नशेत होता हेच पुन्हा सांगेल, आणि आता ते कोर्टाच्या कागदावर चढेल.

प्रणयनं काय केलं ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. थोडा धीर धर. सरांवर विश्वास ठेव. मी ठेवलाय.

तुझी,
जागृती


अलिबाग
२६ फेब्रुवारी २०२४

कल्पे,

घाईत लिहिते, हे पत्र क्रांतीताईंच्या हाती पाठवतेय.

शेठ तडजोडीला तयार झालाय. पुढच्या लोकअदालतीत केस ठेवतोय. तिथे एका दिवसात निकाल लागतो. सर स्वतः येणार आहेत. भरपाई जवळजवळ पूर्ण मिळतेय, त्यांनी फार ताणून धरलं.

तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून सरांना खास विचारलं. ते म्हणाले, दोन्ही बाजू एकमेकांवरचे सगळे आरोप मागे घेतात, असं कलम घालतोय. म्हणजे शेठनं जे दारूचं लिहिलं, तेही मागे. कागदावरून निघालं ते. कल्पे, तुला हवं होतं तेच झालं.

सासूबाईंना घेऊन ये, त्यांचीही सही लागेल. हो म्हण.

जागृती


सावरबंदर
२० मार्च २०२४

प्रिय जागे,

मंडपात एवढी माणसं होती की आमचा नंबर आला तेव्हा मला काही सुचेना. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "राजीखुशीनं करताय ना?" मी तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस. मी हो म्हटलं. सासूबाईंनी अंगठा दिला. शेठ समोरच बसला होता, त्यानं मला हात जोडले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

घरी येताना सासूबाई रिक्षात रडल्या. म्हणाल्या, "माज्या पोराचं नाव धुतलं गेलं गो बाय." मलाही तसंच वाटलं. त्या रात्री मी झोपले, जागे. प्रणय गेल्यापासून पहिल्यांदा सकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गोदूकाकीच्या दारात गेले. ती जाळं विणत होती. मी म्हटलं, "काकी, शेठनं आरोप मागे घेतला. प्रणयनं काही केलं नव्हतं." तिनं मान वर केली नाही. पण थुंकली नाही. आणि त्यानंतर आमच्या दारासमोरही नाही थुंकली. जाते आणि पुढे निघून जाते.

तुझे उपकार कसे फेडू? सरांना माझा नमस्कार सांग. त्यांच्याबद्दल मी वेडंवाकडं लिहिलं होतं, त्याचं वाईट वाटतंय.

तुझी,
कल्पिता


सावरबंदर
२२ ऑगस्ट २०२४

जागृती,

नारळी पौर्णिमेला बंदरावर पूजा होती. दरवर्षीप्रमाणे शेठनं मंडप दिला, माइक दिला. नारळ सोडून झाल्यावर तो बोलायला उभा राहिला. कारखाना नव्यानं सुरू होतोय, नवं मशीन आणलंय, म्हणाला. आणि पुढे, "आपल्या एका माणसाच्या हातून चूक झाली, दोन जीव गेले. तरी आपण माणुसकी सोडली नाही. त्याच्या घरच्यांना कोर्टात नेऊन हातात चेक दिला. मुंबईचा वकील होता त्यांचा, मोठा. त्यानंच लिहून दिलं की आमच्याबद्दल काही तक्रार नाही. तो कागद आमच्या ऑफिसात लावलाय, कोणीही येऊन वाचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हितेशनंही वाजवल्या. त्याला वाजवाव्याच लागल्या असतील.

मी दुसऱ्या दिवशी गेले बघायला. फ्रेम करून लावलाय, गणपतीच्या फोटोशेजारी. मी उभ्यानं वाचला. "अर्जदारांची सामनेवाल्यांविरुद्ध कोणतीही तक्रार राहिलेली नाही." खाली माझी सही. सासूबाईंचा अंगठा. शेठ म्हणाला, "वाचलं? बस, सरबत घे."

मग मी क्रांतीताईंना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं रजिस्टर काढलं, बोट ठेवलं. आरोपी मयत. तसंच आहे. एक काना-मात्रा हललेला नाही. तो म्हणाला, "ताई, भरपाईची केस वेगळी, ही वेगळी. तुमच्या वकिलानं सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. तू नाही सांगितलंस.

तू लिहिलं होतंस, तुला हवं होतं तेच झालं. गोदूकाकी पूजेला होती. तिनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारासमोर थांबली. थुंकली नाही. एवढंच म्हणाली, "लबाड." मला जागे, थुंकी बरी वाटली असती.

कोर्टात परत जायचंय. सही माझी आहे, ती मला पुसायची आहे. ते पैसे परत देते. कसं करायचं तेवढं सांग. बाकी काही लिहू नकोस.

कल्पिता


अलिबाग
१० सप्टेंबर २०२४

प्रिय कल्पिता,

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. फसवून सही घेतली असं म्हणून हायकोर्टात जाता येतं, पण तुला कोणी फसवलं ते सांगावं लागेल. तिथे माझं नाव येईल. यायला हरकत नाही. पण कोर्ट विचारेल, तुम्हाला वाचून दाखवलं होतं का, तुम्ही हो म्हणालात का. तू हो म्हणालीस. टिकणार नाही.

आरोप मागे घेतले, म्हणजे त्या अर्जापुरते. पोलिसांचे कागद वेगळे, हे मला माहीत होतं. तेव्हा डोक्यात आलंही होतं. त्या दिवशी आमच्या केंद्राच्या बावन्न केसेस लोकअदालतीत होत्या आणि मला वाटलं, हिला एवढ्यानं समाधान होतंय तर कशाला पुढचं सांगायचं. तुला बरं वाटावं म्हणून मी अर्धं सांगितलं. सरांनी मला खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना मी विचारलं ते कायद्याचं होतं, त्यांनी उत्तर कायद्याचं दिलं.

मी हे सगळं सरांना सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, पण जागृती, त्या बाईला वर्षभरात भरपाई मिळाली, हे विसरू नकोस.

आणखी एक आहे, लिहायला लाज वाटतेय. ऑक्टोबरमध्ये केंद्राला पाच वर्षं होतात. अलिबागला कार्यक्रम आहे. ज्यांना न्याय मिळाला त्यांच्यापैकी काही जणांनी दोन शब्द बोलावेत, असं सरांना वाटतं. त्यांनी तुझं नाव सुचवलं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "तिचं तिला ठरवू दे ना." म्हणून कळवते आहे. येऊ नकोस. मीही जाणार नाही, त्या दिवशी पेणला तारीख मागून घेतली आहे.

जागृती


सावरबंदर
२१ ऑक्टोबर २०२४

जागृती,

मी गेले होते. तू नव्हतीस, म्हणून सांगते काय झालं ते.

दारातच एका मुलीनं छातीवर पट्टी लावली. 'लाभार्थी.' आम्हा लाभार्थ्यांना पहिल्या रांगेत बसवलं. माझ्या शेजारी ती आदिवासी आजी होती, घर वाचलेली. तिचं घर मात्र खरंच वाचलंय. मी तिचा हात धरून बसले होते.

माझं नाव पुकारलं. पाठ करून गेले होते, तरी वर गेल्यावर सगळं विसरले. मग जे आलं ते बोलले. म्हटलं, माझा नवरा प्रणय. तो बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता. पाइप गळत होती, मालकाला माहीत होतं. फुटली तेव्हा हा बाहेर होता, आत जाऊन त्यानं वाल्व बंद केला आणि मेला. पोलिसांच्या वहीत तो आरोपी आहे. मी इथल्या वकिलांकडे आले ते त्याचं नाव पुसायला. त्यांनी मला चेक आणून दिला. मी चेक मागितला नव्हता. मला कोणी विचारलंच नाही की बाई, तुला काय पाहिजे. आणि सांगितलं तर ऐकलं नाही. तुम्ही फुकट काम करता म्हणून आम्ही बोलायचं नाही, असं असेल तर मी उद्यापासून पैसे घेणाऱ्या वकिलाकडे जाईन, निदान त्याच्यावर ओरडता तरी येईल.

एवढं बोलले. मला वाटलं, आता झालं. आता कोणीतरी उठेल.

सर उठले. माइकपाशी आले. त्यांचे डोळे भरले होते, खोटे नाही, खरे. म्हणाले, "पाहिलंत? ही कल्पिताताई सव्वा वर्षापूर्वी आमच्याकडे आली तेव्हा मान वर करून बोलत नव्हती. आज ती तुमच्यासमोर उभी राहून आम्हाला जाब विचारते आहे. मित्रहो, याला मी न्याय म्हणतो. हे आमचं खरं यश."

जागृती, सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. मी तिथे उभी, आणि माझ्या शिव्यांचा हार करून त्यांनी तो स्वतःच्या गळ्यात घातला. मग शाल दिली, कुंडीत एक रोप दिलं. फोटोवाला म्हणाला, ताई, जरा हसून, पुन्हा एकदा.

मी हसले. का हसले ते मला अजून कळलेलं नाही.

कल्पिता


अलिबाग
९ डिसेंबर २०२४

कल्पिता,

तुझं पत्र घेऊन मी बरेच दिवस फिरले.

मध्ये मी एक प्रयत्न केला. गोदूकाकींचा सदा कामगार नव्हता, त्यामुळे त्यांचा दावा वेगळा, दिवाणी कोर्टात. तिथे वायू कसा सुटला, कोणाच्या चुकीनं सुटला, हे साक्षीपुराव्यानं उलगडावंच लागतं. म्हणजे पाइपचा विषय पहिल्यांदा कोर्टात आला असता. मुदत दोन वर्षांची, फेब्रुवारीत संपते. मी फाइल तयार करून सरांपुढे ठेवली. ते म्हणाले, "दहा वर्षं चालेल ही. तेवढ्यात आपण तीनशे कुटुंबांपर्यंत पोचू." त्यांचं गणित चुकीचं नाही, हेच वाईट.

मी राजीनामा दिला. महिनाअखेर शेवटचा दिवस. पनवेलला एका बँकेच्या कायदा विभागात नोकरी मिळते आहे. कर्जाचे कागद तपासायचे. तिथे निदान माझ्यामुळे कोणाचं वाटोळं होणार नाही. दुसऱ्यांसाठी लढायची माझी लायकी नाही, हे मला तुझ्यामुळे कळलं. यापुढे तुला तोंड दाखवणार नाही.

जमलं तर माफ कर.

जागृती


सावरबंदर
३ जानेवारी २०२५

जागे,

माफ नाही केलं. आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

तू राजीनामा दिलास त्यानं माझं काय भलं झालं? शेठचा वकील राजीनामा देतोय का? तुला लाज वाटली, तू पनवेलला चाललीस. मला लाज वाटते तेव्हा मी कुठे जाऊ? तुझ्या लाजेचा आम्हाला काही उपयोग नाही. नोकरी सोडलीस, वकिलीची सनद परत केली नाहीस ना?

तुझं पत्र वाचून मी गोदूकाकीकडे गेले. ती ओट्यावर मांदेली साफ करत होती. मी समोर खाली बसले. मनाशी ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. तुला जे सांगितलं नाही, तेही. प्रणय दारूला शिवत नव्हता असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं. आदल्या दिवशी भाच्याची हळद होती, तिथे तो प्यायला होता. रात्री घरी येऊन झोपला, पहाटे आंघोळ करून, चहा पिऊन कामावर गेला. शुद्धीत होता. पण प्यायला होता हे कळलं की पुढचं कोण ऐकतंय, म्हणून मी गिळलं. पोलिसांपासून, तुझ्यापासून, सरांपासून.

काकीला ते सांगितलं. हळदीचं, पाइपचं, पंच्याचं, अनंताचं. मासळी साफ करायचा हात थांबला होता. मग म्हणाली, "म्हंजे परत आत गेला तो वाल्व बंद कराला?"

"व्हय काकी."

"आन माजा सदा तिकरंच व्हता ना? बर्फाचे खोलीन?"

"व्हय."

"मंग त्याला का न्हाय काडला?"

जागे, दोन वर्षं मी एकच गोष्ट सांगत फिरतेय, त्यानं वाल्व बंद केला, वाडी वाचवली. तो वाल्वकडे गेला म्हणजे सदाकडे गेला नाही, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. सदा दारापासून हाताच्या अंतरावर पडला होता म्हणतात. मी काकीला म्हटलं, "मला माहीत नाही. त्यानं बघितला की नाही, बघून गेला की कसं, मला माहीत नाही."

तिनं हातातली मांदेली पाटीत टाकली. मग म्हणाली, "आजपोत मना कोनी असा न्हाय सांगितला, का माहीत न्हाय. समदे माहीत हाय म्हनतान."

मी म्हटलं, काकी, दावा लाव. मी साक्षीला उभी राहीन. हळदीचंही सांगेन, शेठचा वकील विचारायच्या आधी सांगेन. ती म्हणाली, "लावीन. तुजेसाठी न्हाय. मना त्या शेठला इचाराचा हाय, तुना पण इचाराचा हाय. समद्यांसमोर. माजा पोर का न्हाय काडला." मी हो म्हटलं. जिंकली तरी माझ्याशी बोलणार नाही, असंही तिनं सांगून टाकलं.

घरी हितेशला हे कळलंय. त्यानं माझी पेटी ओसरीवर आणून ठेवली आहे. सासूबाईंनी ती परत आत नेली, पण त्या किती दिवस नेतील? क्रांतीताईंकडे एक खोली आहे, बघू.

हे दहा वर्षं चालेल, मला कळलंय. आम्ही दोघी हरायचीही शक्यता आहे, तेही कळलंय. दावा तुलाच चालवायचाय, पण तेवढं सगळं तू काकीला आधी सांग, तोंडावर, एक अक्षर न गाळता. मग ती ठरवेल. मी ठरवलंय.

पुढच्या शुक्रवारी आम्ही अलिबागला तुझ्या घरी येतोय. काकी माझ्याबरोबर एका रिक्षात बसणार नाही म्हणाली, ती मागच्या रिक्षानं येईल. तिची वाट बघ. ती येईपर्यंत मी बाहेरच उभी राहीन.

कल्पिता